मेंदूसाठी वनस्पतींची औषधं: कोणती खरी ठरली, आणि घरातल्या बाटल्यांचं काय करायचं

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा. तुमचे वडील, वय ६१, सांगलीत असतात. चार महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडून त्यांच्या डोक्याला मार लागला, कवटीच्या आत रक्त साकळलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आता ते चालतात, बोलतात, पण विसरतात, पटकन चिडतात, रात्री झोप मोडते. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन चालू आहे. त्याच घरात ८२ वर्षांच्या आजींना अल्झायमरचं निदान झालं आहे. कपाटात मावशींनी, शेजाऱ्यांनी आणि अमेरिकेतल्या भावाने दिलेल्या बाटल्या जमल्या आहेत: मिरीचा अर्क घातलेलं कुर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य), गिंको (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मी, अश्वगंधा, शंखपुष्पीचं सिरप. तुम्ही विचारता, वनस्पतींतून मेंदूचं औषध खरंच मिळतं का, आणि यातलं कुणाला काय द्यावं?

मी गेली सव्वीस वर्षं मेंदूविकारांचे रुग्ण पाहतो आहे. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो, आणि तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा घरातला सगळ्यात जास्त धावपळ करणारा असतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचं, कारण ते घाईचं आहे. शंखपुष्पीचं सिरप आणि मिरीवाल्या कुर्क्युमिनच्या कॅप्सूल त्यांना आजपासून देऊ नका. फेनिटॉइनशी या दोघांचंही जमत नाही, आणि दोघं विरुद्ध बाजूंनी घात करतात. शंखपुष्पीची गोष्ट आपल्या परळची आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की फेनिटॉइनवर चांगले स्थिरावलेले काही रुग्ण पुन्हा फिट घेऊन येताहेत. खोदून विचारल्यावर कळलं, शंखपुष्पीचं सिरप सुरू झालं होतं. त्यांनी ते उंदरांवर नीट तपासलं आणि १९९२मध्ये प्रसिद्ध केलं: सिरप नियमित दिलं की रक्तातलं फेनिटॉइन उतरतं. शंखपुष्पी वाईट आहे असं त्यांनी म्हटलं नाही. या एका औषधासोबत ती नको, एवढंच सांगितलं.

मिरीतलं पाइपरीन याच्या उलट वागतं. आतड्यातून औषधं जास्त शोषली जावीत आणि यकृतात त्यांचा निचरा मंद व्हावा, यासाठीच ते कुर्क्युमिनमध्ये मिसळतात. पण दार उघडलं की एकटं कुर्क्युमिनच आत शिरत नाही, फेनिटॉइनही जास्त शिरतं. फेनिटॉइनची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं. पातळी वर गेली की तोल जातो, एकाचे दोन दिसतात, गुंगी येते. ज्याच्या डोक्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्याचा तोल जाणं म्हणजे पुन्हा पडणं. रस्सम किंवा सारातल्या मिरीबद्दल मी बोलत नाही, कॅप्सूलमधल्या शुद्ध अर्काबद्दल बोलतो आहे.

इथेच आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही कॅप्सूलपेक्षा जास्त उपयोगी पडू शकते. वडिलांना प्रत्यक्षात एकदाही फिट आली नसेल, तर चार महिन्यांनंतर फेनिटॉइन कशासाठी चालू आहे हे तुमच्या सर्जनना विचारा. १९९०मध्ये ४०४ रुग्णांवरच्या अमेरिकी चाचणीत दिसलं की डोक्याला मोठा मार लागल्यावर फेनिटॉइन पहिल्या आठवड्यातल्या फिट कमी करतं, त्यानंतरच्या नाही. आणि हेच औषध विचारांची गती मंदावतं, विसरभोळेपणा वाढवतं. बऱ्याच घरांत डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली गोळी वर्षभर तशीच चालू राहते, कारण ती बंद करायचं कुणी सांगितलेलं नसतं. मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका. ते डॉक्टरांनी हळूहळू उतरवायचं असतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. वनस्पतींतून मेंदूचं औषध मिळतं का? मिळतं, आणि आज मी रोज जी औषधं लिहून देतो त्यांतली काही थेट झाडांतून आली आहेत. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुन्हा मुंबईपासून सुरू होते.

१९४९मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला. तोवर सर्पगंधा आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर वापरली जायची, पण रुग्ण मोजून, रक्तदाब मोजून लिहिलेलं जगाने वाचलं ते हे. १९५२मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रेसर्पिन जास्त झालेले रुग्ण संथ व्हायचे, चेहरा मख्ख, हातपाय ताठ. अगदी कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णासारखे. १९५७मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन हा आपला निरोप्या बनवतो ते द्रव्य, टोचलं आणि ते उठून हिंडू लागले. त्यातून कळलं की रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं आणि हालचाल त्या साठ्यावर चालते. १९६०मध्ये व्हिएन्नात होर्नीकीविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन खरंच आटलेलं दाखवलं. १९६७मध्ये न्यूयॉर्कजवळ कोत्झियास यांनी मात्रा अगदी हळूहळू चढवत तोंडावाटे डोपा दिलं आणि खुर्चीला खिळलेली माणसं चालू लागली. तेच औषध, कार्बिडोपाची जोड देऊन, आजही कंपवाताचा कणा आहे.

आणि लेव्होडोपा मुळात कुठे असतं? १९१३मध्ये गुगेनहाइम यांनी ते युरोपातल्या बाकला शेंगांतून काढलं होतं. १९३७मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते खाजकुइलीच्या बियांतून वेगळं केलं. हो, तीच खाजकुइली. सह्याद्रीच्या पायथ्याला पावसाळ्यानंतर कुंपणावर लोंबणारी, मखमली कुसांची, अंगाला लागली की माणूस दिवसभर खाजवत बसतो ती. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. बियांत साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतं. एका वनस्पतीने कंपवाताचं मूळ दाखवावं आणि दुसरीच्या बीत त्यावरचा उपाय असावा, हे मला आजही, विद्यार्थ्यांना शिकवताना, थक्क करतं.

खाजकुइलीच्या भुकटीच्या माणसांवरच्या चाचण्याही झाल्या आहेत आणि त्या प्रामाणिक आहेत. २००४मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे कुणाला काय दिलं हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही न सांगता, पाहिलं: ३० ग्रॅम भुकटीचा परिणाम नेहमीच्या गोळीच्या जवळपास निम्म्या वेळात सुरू झाला आणि जास्त टिकला. २०१७मध्ये बोलिव्हियात, जिथे गरीब रुग्णांना गोळ्या परवडत नाहीत, १८ रुग्णांवर तसाच चांगला परिणाम दिसला. मात्र पुढे तिथेच चौदा जणांना काही आठवडे नियमित भुकटी दिली, तेव्हा सात जणांनी ती मध्येच सोडली. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचं चालणं खालावलं. एका मात्रेचा चांगला दिवस आणि महिनोन्‌महिने चालणारा उपचार यांतलं हे अंतर पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येत. कंपवात आठ वर्षांचा, गोळ्यांवर उत्तम चाललेलं. एके दिवशी त्यांची सून त्यांना घेऊन आली: अंग सारखं वेडंवाकडं हलतंय, आणि ओट्यावर अनोळखी मुलं बसलेली दिसतात म्हणतात. कुणीतरी कवचबीजाची, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांची, पूड दिली होती. गोळ्या तशाच चालू होत्या, त्यावर रोज दोन चमचे पूड. ‘ही तर नुसती वनस्पती आहे,’ असं त्यांना सांगितलं गेलं होतं, म्हणून मला सांगायची गरज वाटली नाही. त्या पुडीत माझ्या गोळीतलंच औषध होतं, फक्त त्यावर मात्रा लिहिलेली नव्हती. पूड थांबवल्यावर आठवड्यात भास गेले.

आजींच्या आजाराकडे वळतो. अल्झायमरमध्ये स्मृतीच्या वाटेवरचा ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या कमी पडतो. त्याला शरीरच तोडून टाकत असतं. तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवलं तर आहे तेवढा जास्त वेळ टिकतो. हे काम करणारी दोन औषधं झाडांतून आली. नायजेरियातल्या कालाबार भागात एफिक लोकांमध्ये एका विषारी शेंगेच्या बिया आरोपीला खाऊ घालत: वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. १८६४मध्ये त्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळं काढलं गेलं. त्याच्या रचनेवर बेतून जेरुसलेममध्ये मार्टा वाइनस्टॉक यांनी रिव्हास्टिग्मिन घडवलं, जे आज त्वचेवर लावायच्या पट्टीच्या रूपात आपल्याकडेही मिळतं. दुसरं गॅलँटामिन. बर्फ वितळताना उगवणाऱ्या स्नोड्रॉप या कंदवर्गीय फुलझाडातून पन्नासच्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी ते काढलं. तिथे आधी ते स्नायूंच्या लकव्यावर वापरलं गेलं, आणि २००१मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्यता मिळाली.

या औषधांबद्दल मी रुग्णाच्या घरच्यांना कधीही मोठी आशा दाखवत नाही. ७० गुणांच्या स्मृतिचाचणीत साधारण तीन गुणांचा फरक, तोही काही महिने ते वर्ष-दोन वर्षं. पेशी मरायचं थांबत नाही. पण त्या तीन गुणांत कधीकधी आजी स्वतःचा चहा स्वतः करतात, नातवाला नावाने हाक मारतात, आणि त्या घराला ते पुष्कळ असतं. मळमळ, भूक मंदावणं, नाडी संथ होणं हे त्रास संभवतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी ईसीजी काढून घ्या.

याच रसायनाची उलटी बाजूही आपल्या परसात आहे. धोत्र्यातली ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं ॲसिटिलकोलीनचा निरोप पोहोचूच देत नाहीत. धोत्रा पोटात गेलेला माणूस भ्रमिष्ट होतो तो यामुळे. आता आजींच्या गोळ्यांचा डबा उघडा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन: ही सगळी थोड्याफार प्रमाणात धोत्र्याच्याच वाटेने जातात. एका बाजूने स्मृतीची पट्टी लावायची आणि दुसऱ्या बाजूने ही गोळी द्यायची, असं मी कितीतरी चिठ्ठ्यांवर पाहिलं आहे. ती गोळी कमी केली की काही वृद्ध माणसं पंधरवड्यात लख्ख होतात.

इथे मला माझं एक निरीक्षण सांगायचं आहे. मेंदूवर जी वनस्पतिजन्य द्रव्यं ठामपणे उपयोगी ठरली, ती मुळात तीव्र होती. कालाबारची बी विष, स्नोड्रॉपचा कंद विषारी, सर्पगंधा मात्रा चुकली तर माणूस आडवा करणारी. ती एकाच निरोप्यावर नेमकं बोट ठेवत होती, म्हणून त्यांची मात्रा मोजता आली, परिणाम तासाभरात दिसला, चूक झाली तर लगेच कळली. याउलट ‘मेंदूचं रक्षण करतं’ अशा ख्यातीची द्रव्यं, जी एकाच वेळी दाह, ऑक्सिडीकरण, प्रथिनांचा साका या सगळ्यांवर काम करतात असं सांगितलं जातं, ती माणसांवरच्या चाचणीत बहुतेक वेळा हातातून निसटली. हा नियम नाही, पण घरात नवी बाटली आली की मी आधी हेच विचारतो: हे नक्की कुठे बोट ठेवतं?

आणि म्हणून हळद. तुम्ही सांगलीच्या, तेव्हा यावर जरा थांबतो. हळदीवर आपलं प्रेम आहे आणि ते सार्थ आहे. १९९५मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने दाखले मांडून ते १९९७मध्ये रद्द करून घेतलं. तो अभिमान मलाही आहे. पण पेटंटची ती लढाई ‘हे ज्ञान आमचं जुनं आहे’ याची होती. हळदीने अल्झायमर थांबतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इतिहास देऊ शकत नाही.

तुमच्या भावाने पाठवलेल्या बाटलीसोबत ‘भारतात हळदीमुळे अल्झायमर कमी’ असा मजकूर आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. त्याचं मूळ मला माहीत आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत झालेला अभ्यास २००१मध्ये छापून आला: ६५ वर्षांवरच्या दर हजार माणसांत वर्षाला ४.७ जणांना नव्याने अल्झायमर, तर पेन्सिल्व्हेनियातल्या तुलनेच्या भागात १७.५ जणांना. आकडे खरे आहेत. पण त्यात हळद मोजलीच नव्हती. तिथली माणसं कमी जगत होती, आजार झालेली माणसं लवकर जात होती, पाठपुरावा थोड्या काळाचा होता, आनुवंशिक जोखीमही वेगळी. हळद नंतर इतरांनी जोडली. आणि २०२३मध्ये देशभरच्या पाहणीतून आलेला अंदाज असा: साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश. ही सगळी हळद घातलेली भाजी-आमटी खाणारी माणसं आहेत.

कुर्क्युमिनची अडचण प्रयोगशाळेत नाही, शरीरात आहे. बशीतल्या पेशींवर ते शेकडो परिणाम दाखवतं. यातले काही परिणाम तर भासच असतात, कारण कुर्क्युमिन स्वतः चमकतं, प्रथिनांना चिकटतं, मोजणीत ढवळाढवळ करतं. औषधरसायनाच्या जाणकारांनी २०१७मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. तोंडावाटे घेतलं तर बहुतांश शौचावाटे जातं, उरलेल्याचं यकृत लगेच रूप बदलतं, रक्तात नगण्य उरतं, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत पार करायला त्याहून थोडं. हळदीत कुर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, म्हणजे तीन ग्रॅमच्या चमचाभर हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आतच. कॅलिफोर्नियातल्या चाचणीत अल्झायमरच्या ३६ रुग्णांत रोज दोन आणि चार ग्रॅम कुर्क्युमिन २४ आठवडे तपासलं. फरक पडला नाही. हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांवर सहा महिने, तसंच. २०१८मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जास्त शोषलं जाणारं रूप ४० निरोगी-वृद्धांत दीड वर्ष वापरलं, तेव्हा स्मृतीत थोडी सुधारणा दिसली. ही बातमी मी दुर्लक्षित करत नाही. पण चाळीस माणसं फार थोडी, आणि ती आजारी नव्हती.

शोषण वाढवलेल्या कॅप्सूलमुळे एक नवा धोकाही आला आहे. हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेले दहा रुग्ण अशा इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या एका जाळ्याने नोंदवले, त्यातला एक दगावला. स्वयंपाकात हजार वर्षं सुरक्षित असलेली वस्तू तिच्या रचनेतच बदल करून दहापट मात्रेत घेतली, तर ती वेगळी वस्तू होते. आणि स्वयंपाकाची हळदसुद्धा सुट्टी, अतिपिवळी घेऊ नका. बांगलादेशात पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचं सिद्ध झालं आहे, आणि शिसं हे मेंदूचं सरळसरळ विष आहे. तुमच्याकडे चांगली हळकुंडं मिळतात, ती दळून घ्या. वडिलांना आणि आजींना जेवणात, दुधात हळद खुशाल द्या.

गिंकोचं लवकर आटपतं. ७५ वर्षांवरचे ३०६९ लोक, दिवसाला दोनदा १२० मिलिग्रॅम, सरासरी सहा वर्षं: २००८मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश अजिबात टळला नाही. इतकी मोठी, इतकी दीर्घ चाचणी फार थोड्या औषधांच्या वाट्याला येते, आणि तिने स्पष्ट उत्तर दिलं. त्यात ते रक्त गोठण्यावर थोडा परिणाम करू शकतं. ज्यांच्या कवटीत नुकतंच रक्त साकळलं होतं त्यांना मी ते देणार नाही.

ब्राह्मीचा गोंधळ नावापासूनच आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मी म्हणून जी गोल पानांची वेल विकतात ती मंडूकपर्णी. ग्रंथांतली आणि बहुतेक संशोधनातली ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागची, बारीक मांसल पानांची बाकोपा. बाटलीवर कोणती आहे ते आधी वाचा. बाकोपाने निरोगी माणसांत तीन महिन्यांनी आठवण ठेवण्यात थोडी सुधारणा दाखवणाऱ्या काही चांगल्या, छोट्या चाचण्या आहेत. अल्झायमर थांबवल्याचा पुरावा नाही. आजींना ती आवडत असेल आणि पोट बिघडत नसेल तर मी हट्टाने बंद करायला लावणार नाही, पण नाडी संथ करणारी पट्टी चालू असेल तर सांगून द्या. अश्वगंधा मात्र दोघांनाही नको. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २०१२मध्ये अल्झायमरचे उंदीर अश्वगंधेच्या अर्काने सुधारले, आणि ते काम देखणं आहे: अर्काने यकृतामार्फत मेंदूतलं साठलेलं प्रथिन बाहेर खेचलं. पण ते उंदीर आहेत. माणसांत अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वाढताहेत, थायरॉइड हलतो, गुंगी येते. फेनिटॉइन घेणाऱ्या माणसाच्या यकृतावर आणखी एक ओझं कशाला?

राहिलं मेंदूच्या दुखापतीवरचं. इथे मला सांगताना वाईट वाटतं, पण आजवर मार लागलेल्या मेंदूच्या पेशी वाचवणारं एकही वनस्पतिजन्य औषध सिद्ध झालेलं नाही. प्रयत्न कमी झाले नाहीत. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं (हार्मोनचं) उदाहरण पाहा. चाळीसच्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोच्या रानटी कंदांतल्या द्रव्यापासून ते स्वस्तात बनवायची वाट काढली. प्राण्यांत ते मेंदूची सूज कमी करायचं. माणसांवरच्या दोन छोट्या चाचण्याही आशादायक निघाल्या. मग ८८२ आणि ११९५ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २०१४मध्ये दोन्हींचा निकाल आला: काही फायदा नाही. त्या काळात आम्ही सगळे त्याची वाट पाहत होतो. भांगेतल्या द्रव्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेलं डेक्सानॅबिनॉल ८६१ रुग्णांत २००६मध्ये असंच फसलं. मेंदूतल्या रक्तस्रावावर चीनमधलं एक पारंपरिक मिश्रण १६४८ रुग्णांवर तपासलं, २०२४मध्ये निकाल आला, तोही नकाराचा. या चाचणीचा मला आदर वाटतो. आपलंच औषध, आपल्याच देशात, कठोरपणे तपासायला धैर्य लागतं. आपल्या आयुर्वेदिक मेंदूऔषधांच्या वाट्याला अशी चाचणी यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

का फसतं? उंदराला प्रयोगात ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने, एकसारखा मार देतात आणि औषध काही मिनिटांत टोचतात. माणूस रस्त्यावर पडतो, कुणी उचलतं, एक दवाखाना, दुसरा दवाखाना, स्कॅन. चार-सहा तास सहज जातात. कुणाच्या मेंदूत रक्ताची गाठ, कुणाच्या सूज, कुणाच्या तंतूंना ओढ. सगळ्यांना एकच गोळी कशी पुरेल?

एक बातमी मात्र मला आशा देते. सेलरीच्या, म्हणजे आपल्या अजमोद्याच्या नात्यातल्या भाजीच्या, बियांत ब्यूटिलफ्थॅलाइड नावाचं द्रव्य सापडलं. कारखान्यात बनवलेलं ते चीनमध्ये पक्षाघातासाठी २००२पासून मान्य आहे. २०२३मध्ये १२१६ रुग्णांची चाचणी छापून आली. सगळ्यांना गुठळी विरघळवण्याचे किंवा काढण्याचे आधुनिक उपचार मिळालेच होते. त्यावर हे औषध दिलेल्यांत तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले ५६.७ टक्के, न दिलेल्यांत ४४ टक्के. फरक मोठा आहे. चीनबाहेर तो पुन्हा दिसायला हवा. तुमच्या वडिलांना याचा उपयोग नाही, कारण ते रक्तवाहिनी बंद झाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांचं औषध आहे, आणि सेलरी खाऊन ते मिळत नाही.

मग वडिलांसाठी काय? चार महिने म्हणजे सुधारणेची वाट अजून पुष्कळ उघडी आहे. दीड-दोन वर्षं ती हळूहळू चालत राहते. चिडणं म्हणजे स्वभाव बिघडणं नव्हे, ती कपाळामागच्या भागाला झालेली जखम आहे, हे घरातल्या सगळ्यांना एकदा बसवून सांगा. व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) गाठा, वहीत दिवसाचं वेळापत्रक लिहायला लावा, झोपेची वेळ पक्की करा, दारू पूर्ण बंद, रक्तदाब ताब्यात. आजींचं बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासलं नसेल तर तपासा, कान तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ इतकं कमी सापडतं की मी ते न पाहता स्मृतिभ्रंशाचं नाव घेत नाही.

पुढच्या भेटीला जाताना कपाटातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, भस्मंसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. बोस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४मध्ये प्रसिद्ध झालं होतं, तेव्हा ज्यावर घटक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला नाही ते वेगळं काढा. आणि या दरम्यान वडिलांचं डोकं दिवसेंदिवस जास्त दुखू लागलं, ते अवेळी झोपून राहू लागले, एक हात किंवा पाय जड पडला, तर भेटीची तारीख पाहत बसू नका. कवटीत पुन्हा रक्त साचलं असू शकतं. त्याच दिवशी स्कॅन करून घ्या.